काम "झालं" हे इंग्रजीत कसं सांगायचं: फिनिश, कम्प्लीट, डन, रॅप अप आणि बाकीचे सगळे

काम संपवण्यासाठी मराठीत आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. संपवलं, पूर्ण केलं, उरकलं, आटोपलं, आवरलं, हातावेगळं केलं, तडीस नेलं, पार पाडलं, निकालात काढलं, गुंडाळलं, फडशा पाडला, आणि रोज शंभरदा तोंडात येणारं नुसतं "झालं". हे सगळे आपण विचार न करता बरोब्बर जागेवर वापरतो. दिलेला शब्द कोणी उरकत नाही, तो पाळतात. जबाबदारी पार पाडतात, तिचा फडशा नाही पाडत. एवढी बारीक समज आपल्याकडे लहानपणापासून असते, पण इंग्रजीत लिहायला बसलं की या डझनभर शब्दांचं एकच भाषांतर होतं, फिनिश, आणि जरा ऑफिशियल वाटावं म्हणून कम्प्लीट.

मी बरीच वर्षं इतरांचे इंग्रजी मेल आणि रिपोर्ट तपासायचं काम करते. व्याकरण चांगलं असलेली माणसं पण इथे अडकतात असं मला सतत दिसतं, आणि त्याचं कारण शब्द कमी पडणं हे नसतं. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ केलेल्या असतात, पण कुठला शब्द कधी वापरायचा ते यादी सांगत नाही. ते तुमचं मराठी क्रियापद सांगतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मराठीकडून इंग्रजीकडे जातात, उलट्या नाही.

पायरी १: मनातलं मराठी क्रियापद आधी पकडा

वाक्य मनात मराठीत कसं आलं ते क्षणभर ऐका. "संपवलं" आलं की "उरकलं" आलं? हा फरक इंग्रजीतही तेवढाच मोठा आहे.

"एकदाचं उरकून टाकू" असं मनात आलं, म्हणजे काम नकोसं आहे आणि त्यातून सुटायचंय, तर इंग्रजीत "लेट्स गेट इट ओव्हर विथ". आपल्या "एकदाचं" मधला सुटकेचा सूर या शेवटच्या "ओव्हर विथ" मध्ये आहे. पण शब्दांची जागा सांभाळा. "गेट द एक्झाम ओव्हर विथ" म्हणजे परीक्षा उरकून टाकणं, आणि "गेट ओव्हर द एक्झाम" म्हणजे परीक्षेच्या धक्क्यातून सावरणं. तेच शब्द, फक्त क्रम बदलला, आणि अर्थ पार वेगळा.

"आता आवरतं घ्या" हे मीटिंगमध्ये म्हणायचं असेल तर "लेट्स रॅप अप". बोलणाऱ्याला तुटकही वाटत नाही आणि निरोप पोचतो. हळूहळू कमी करत आणायचं असेल, म्हणजे प्रोजेक्टचं काम महिनाभरात थंडावत जाणार आहे, तर "वाइंड डाउन". आणि कंपनीच बंद करायची, गाशा गुंडाळायचा, तर "वाइंड अप". गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड, ते गुंडाळलं की मुक्काम हलला. "वाइंड अप" चे मात्र आणखी दोन अर्थ आहेत ते माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये कुणाला "वाइंड अप" करणं म्हणजे मुद्दाम चिडवणं, आणि "वी वाउंड अप इन द राँग रूम" म्हणजे शेवटी आम्ही भलत्याच खोलीत जाऊन पोचलो.

"हातावेगळं केलं" हा मला फार आवडणारा शब्द आहे, काम हातात होतं ते आता हातात नाही. इंग्रजीत याच्या जवळ जाणारे दोन आहेत. मोठ्या कामाआधी लहानसं काम काढून टाकायचं असेल तर "लेट्स गेट धिस आउट ऑफ द वे फर्स्ट". दुसरा "इट्स ऑफ माय हँड्स नाऊ", दिसायला हा अगदी आपल्यासारखाच, पण यात काम पूर्ण झालंच असं नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यातही गेलेलं असू शकतं. त्यामुळे काम खरंच संपवलं असेल तर साहेबांना हे वाक्य लिहू नका, त्यांना वाटेल तुम्ही अंग काढून घेतलंत.

"तडीस नेलं" म्हणजे अडचणी आल्या तरी मध्ये सोडलं नाही. याला "सी इट थ्रू". "शी सॉ द प्रोजेक्ट थ्रू", तिने प्रोजेक्ट तडीस नेला. आणि कुणालाच वाटत नव्हतं होईल तरी करून दाखवलं, म्हणजे "जमवून आणलं", तर "शी पुल्ड इट ऑफ". यात कौतुक आहे, त्यामुळे रोजच्या साध्या कामाला हा शब्द वापरला तर अतिशयोक्ती वाटते. जबाबदारी किंवा सूचना "पार पाडली" तर "कॅरीड आउट". शब्द पाळला तर "केप्ट माय प्रॉमिस" नाहीतर "फुलफिल्ड", पण "कम्प्लीटेड माय प्रॉमिस" कधीच नाही.

बाकीचे पटकन सांगते. ढीगभर कामाचा फडशा पाडला तर "मेड शॉर्ट वर्क ऑफ इट". राहिलेलं शेवटचं थोडं फस्त केलं तर "पॉलिश्ड इट ऑफ". सोक्षमोक्ष लावायचा तर "सेटल इट वन्स अँड फॉर ऑल". अधिवेशनाचं सूप वाजलं तर "केम टू अ क्लोज". एखाद्या गोष्टीला पूर्णविराम द्यायचा तर "पुट ॲन एंड टू इट". आणि "मार्गी लावलं" हे या यादीतलं नाहीच, कारण मार्गी लागलेलं काम अजून चालूच असतं. त्याला "गॉट इट गोइंग" किंवा "पुट इट ऑन ट्रॅक" म्हणा.

पायरी २: फिनिश, कम्प्लीट, एंड यांचे स्वभाव समजून घ्या

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच तिघांत आहे आणि त्यांच्या मुळाशी गेलं की तो बराचसा सुटतो.

फिनिश आला लॅटिनमधल्या फिनिस वरून, फ्रेंचमार्गे. फिनिस म्हणजे हद्द, सीमा. म्हणजे फिनिश करणं हे हद्दीपर्यंत जाणं आहे, मी करत होतो आणि शेवटपर्यंत पोचलो. कम्प्लीटच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे ज्याचा अर्थ भरून टाकणं. म्हणजे रिकामी जागा उरली नाही, सगळे भाग आहेत. म्हणूनच तर "प्लीज कम्प्लीट द फॉर्म" याचा अर्थ फॉर्म भरा असा होतो! हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. कोर्स, डिग्री, फॉर्म, संच, टप्पा, ज्याला ठरलेले भाग आहेत ते कम्प्लीट होतं. पुस्तक वाचून संपवलं ते फिनिश. दहा खंडांचा संच गोळा करून पूर्ण झाला तो कम्प्लीट, मग त्यातलं एकही पान वाचलेलं नसलं तरी.

एंड मध्ये नुसता अंत आहे. काम पुरं झालं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "द मीटिंग एंडेड ॲट फाइव्ह" म्हणजे पाचला मीटिंग संपली, विषय अर्धे राहिले असतील तरी. युद्ध, नातं, गोष्ट, करार हे एंड होतात. रिपोर्ट मात्र तुम्ही एंड करत नाही, फिनिश करता. "आय एंडेड द रिपोर्ट विथ अ चार्ट" हे बरोबर आहे पण त्याचा अर्थ रिपोर्टच्या शेवटी चार्ट टाकला एवढाच.

कन्क्लूड हा भाषणातला, निबंधातला औपचारिक शब्द, समारोप म्हणा ना. आणि फायनलाइज म्हणजे संपवणं नव्हेच. बोलताना आपण "लिस्ट फायनल कर" म्हणतो त्याचा अर्थ आता यात बदल नको असं ठरव. काम संपलं हे सांगायला "आय हॅव फायनलाइज्ड द वर्क" असं लिहिलेलं मी आठवड्यातून एकदा तरी खोडते. यादी, तारीख, करार, योजना फायनलाइज होते, काम नाही. आणि क्रियापद म्हणून नुसतं फायनल चालत नाही, "प्लीज फायनल इट" हे इंग्रजी नाही.

पायरी ३: पुढे काय येतं ते बघा

फिनिशच्या पुढे क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. "आय फिनिश्ड रायटिंग". "आय फिनिश्ड टू राइट" चूक. आपली मराठी सवय लक्षात ठेवायला मदत करते, आपण "लिहून संपवलं" म्हणतो, "लिहायला संपवलं" कोणी म्हणत नाही. तेच इथे.

कम्प्लीटच्या पुढे नाम ठेवा. "आय कम्प्लीटेड द रिपोर्ट" छान, पण "आय कम्प्लीटेड रायटिंग द रिपोर्ट" कानाला खटकतं, तिथे फिनिश घाला.

स्टॉपचं तर दोन्ही चालतं पण अर्थ उलटे. "आय स्टॉप्ड रायटिंग" म्हणजे लिहायचं थांबवलं. "आय स्टॉप्ड टू राइट" म्हणजे दुसरं काहीतरी थांबवून लिहायला लागलो.

आता डन. "वापरून झालं का?", "बोलून झालं का?" यातलं "झालं का" म्हणजे शंभर टक्के डन. "आर यू डन विथ द पेन?" म्हणजे पेन वापरून झाला का. काही जुने शिक्षक सांगायचे की माणसाला डन म्हणायचं नाही, फिनिश्डच म्हणायचं. बोलण्यात आज "आय ॲम डन" आणि "आय ॲम फिनिश्ड" दोन्ही सर्रास चालतात, घाबरू नका. काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्यायची. "आय ॲम डन विथ धिस" जरा चिडक्या आवाजात म्हटलं की अर्थ होतो, बास, मला आता हे पुरे झालं. आणि "ही इज फिनिश्ड" म्हणजे त्याचं काम झालं असंही, आणि तो संपला, त्याचं करिअर बुडालं असंही. म्हणून लेखी मेलमध्ये माणसाला कर्ता ठेवून "आय हॅव फिनिश्ड द रिपोर्ट" असं सरळ लिहिलेलं बरं.

पायरी ४: "पर्यंत" या शब्दाला जपा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण यात खरंच नुकसान होतं.

मराठीत "शुक्रवारपर्यंत काम करेन" आणि "शुक्रवारपर्यंत काम पूर्ण करेन" दोन्हीकडे एकच "पर्यंत". इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. काम चालू राहणार असेल तर टिल किंवा अंटिल. मुदतीच्या आत संपणार असेल तर बाय. आमच्या टीममधल्या एका हुशार मुलीने क्लायंटला लिहिलं, "वी विल वर्क ऑन द करेक्शन्स टिल फ्रायडे". तिच्या मनात होतं की शुक्रवारपर्यंत दुरुस्त्या करून देतो. समोरच्याने वाचलं की ही मंडळी शुक्रवारपर्यंत काम करणार आणि मग थांबणार, मग उरलेलं कोण करणार? त्यांचा उलट जरा कडक मेल आला आणि ती दिवसभर अस्वस्थ होती, कारण तिला तिची चूक दिसतच नव्हती. मी तिच्या शेजारी बसून वाक्य बदललं, "वी विल फिनिश द करेक्शन्स बाय फ्रायडे". टिलच्या जागी बाय आणि वर्क ऑनच्या जागी फिनिश. एवढंच.

नकारात मात्र टिल येतं. "वी वोन्ट फिनिश अंटिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवारच्या आधी होणार नाही, शुक्रवारी होईल.

याच पायरीत काळाचं पण बघून घेऊ. "काल संपवलंय" हे मराठीत चालतं, म्हणून "आय हॅव फिनिश्ड इट यस्टरडे" लिहिलं जातं. इंग्रजीत यस्टरडे आला की हॅव गेला, "आय फिनिश्ड इट यस्टरडे". कधी ते न सांगता नुसतं झालंय एवढंच सांगायचं तेव्हा "आय हॅव फिनिश्ड इट".

पायरी ५: वस्तू संपली, कार्यक्रम संपला, काम संपलं, तिन्ही वेगळे

शाई संपली, कागद संपले, बॅटरी संपली. इथे "द इंक इज ओव्हर" म्हणू नका. "वी हॅव रन आउट ऑफ इंक" किंवा "वी आर आउट ऑफ इंक". मुद्दाम सगळं वापरून टाकलं तर "यूज्ड अप".

कार्यक्रम, क्लास, सामना संपला तर "इज ओव्हर". "द क्लास गॉट ओव्हर ॲट फाइव्ह" हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही, पण बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं, कारण गेट ओव्हर म्हणजे सावरणं हे पहिल्या पायरीत बघितलंच. "द क्लास एंडेड ॲट फाइव्ह" म्हणा.

तसंच "माय ग्रॅज्युएशन इज कम्प्लीटेड". बाहेर ग्रॅज्युएशन म्हटलं की पदवीदान समारंभ डोळ्यासमोर येतो. "आय ग्रॅज्युएटेड" किंवा "आय कम्प्लीटेड माय डिग्री" हे स्वच्छ.

पायरी ६: वाक्प्रचार त्यांच्या गावासकट शिका

वाक्प्रचार नुसता पाठ केला तर चुकीच्या जागी पडतो. तो कुठून आला ते कळलं की जागा आपोआप कळते. आपलंच बघा, तड म्हणजे काठ आणि पार म्हणजे पलीकडचा तीर, म्हणजे तडीस नेणारा आणि पार पाडणारा माणूस मुळात नदी ओलांडतोय. इंग्रजीतला काम संपवणारा माणूस बऱ्याचदा शर्यतीत असतो. "होम स्ट्रेच" म्हणजे घोड्यांच्या शर्यतीतला शेवटचा सरळ पट्टा, म्हणून "वी आर ऑन द होम स्ट्रेच" म्हणजे शेवटचा टप्पा आलाय, कठीण वळणं मागे पडली. "डाउन टू द वायर" ही पण शर्यतीतलीच, शेवटच्या रेषेवर तार असायची, म्हणून अगदी शेवटच्या क्षणापर्यंत निकाल अधांतरी असेल तेव्हाच ही वापरायची.

"डॉट द आय्ज अँड क्रॉस द टीज" ही माझी सगळ्यात लाडकी. जोडून वळणदार इंग्रजी लिहिताना आधी पूर्ण शब्द हात न उचलता लिहून होतो, आणि मग मागे येऊन आय वरचे टिंब आणि टी वरच्या आडव्या रेघा दिल्या जातात. एकदा कागदावर लिहून बघा, हात शब्दाच्या शेवटाला पोचलेला असतो आणि परत मागे जातो. म्हणजे शब्द लिहून झालाय पण वाचण्याजोगा अजून झालेला नाही. म्हणून ही म्हण मुख्य काम झाल्यानंतरच्या बारीक तपासणीसाठी. "शेवटचा हात फिरवणं" याला मात्र "फिनिशिंग टचेस", तिथे तपासणीपेक्षा सजावट जास्त आहे. आणि किरकोळ राहिलेली टोकं बांधायची असतील तर "टाय अप द लूज एंड्स". ब्रिटनमधल्या "ॲट अ लूज एंड" शी याची गल्लत नको, त्याचा अर्थ हाताला काहीच काम नाही.

"इट्स अ रॅप" सिनेमाच्या सेटवरचं, शूटिंग संपल्याची घोषणा. रॅप हे चार शब्दांचं संक्षिप्त रूप आहे असा मेसेज फिरत असतो, तो खरा नाही, नंतर रचलेला आहे.

"ओव्हर अँड आउट" पण असंच. रेडिओवर बोलताना ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला, आणि आउट म्हणजे संभाषण बंद. दोन्ही एकत्र म्हटलं तर अर्थच जुळत नाही, खरे ऑपरेटर नुसतं आउट म्हणतात.

डेडलाइनचं मूळ वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प झाले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक रेषा होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. त्या रेषेला डेडलाइन म्हणत. कामाच्या मुदतीला हा शब्द नंतरच्या काळात लागला. डेडलाइन पाळली याला "मेट द डेडलाइन" म्हणतात, "कम्प्लीटेड द डेडलाइन" नाही.

काही वाक्प्रचार संपवण्याचे वाटतात पण ते सोडण्याचे आहेत, ते वेगळे ठेवा. "लेट्स कॉल इट अ डे" म्हणजे आजच्यापुरतं पुरे, काम उद्या परत आहेच. "थ्रो इन द टॉवेल" म्हणजे हार मानणं, मुष्टियुद्धात खेळाडूच्या बाजूची माणसं टॉवेल आत फेकून लढत थांबवतात. पूर्ण झालेल्या कामाच्या मेलमध्ये हे घालू नका. तिथे "डन अँड डस्टेड" चालेल, पण ते ब्रिटिश आणि गप्पांमधलं आहे, औपचारिक पत्रात नको.

पायरी ७: "जवळजवळ झालं" सांगताना सावध

"झाल्यातच जमा" याला इंग्रजीत हुबेहूब जोडीदार आहे, "ॲज गुड ॲज डन". इथपर्यंत ठीक. घोटाळा होतो तो "ऑल बट" मध्ये. "द वर्क इज ऑल बट फिनिश्ड" हे वाचून पुष्कळांना वाटतं की बाकी सगळं झालं पण काम संपलं नाही. खरा अर्थ, जवळजवळ संपलंच आहे. आणि "एनीथिंग बट फिनिश्ड" म्हणजे संपण्याच्या जवळपास सुद्धा नाही. बट दोन्हीकडे आहे आणि निरोप बरोबर उलटा. खात्री नसेल तर सरळ "ऑलमोस्ट डन" लिहा.

पायरी ८: एक मेल दुरुस्त करून बघा

हा मी बनवलेला मेल आहे, पण यातली प्रत्येक चूक रोजची आहे.

"द रिपोर्ट इज ऑलमोस्ट ओव्हर. आय हॅव फिनिश्ड द फर्स्ट पार्ट यस्टरडे. आय विल कम्प्लीट टू चेक द नंबर्स टिल मंडे. प्लीज फायनल इट."

पुढे वाचण्याआधी स्वतः दुरुस्त करा, दोन मिनिटं लागतील.

"द रिपोर्ट इज ऑलमोस्ट डन. आय फिनिश्ड द फर्स्ट पार्ट यस्टरडे. आय विल फिनिश चेकिंग द नंबर्स बाय मंडे. वी कॅन फायनलाइज इट आफ्टर दॅट."

रिपोर्ट हा कार्यक्रम नाही म्हणून ओव्हर गेलं. यस्टरडेमुळे हॅव गेलं. कम्प्लीट टू च्या जागी फिनिश आणि आयएनजी. मुदत म्हणून बाय. आणि शेवटच्या वाक्यात फायनलच्या जागी फायनलाइज आलं, शिवाय हुकूम सोडल्यासारखं वाटत होतं तेही गेलं.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच सांगते. आठवडाभर रोज तुमच्या तोंडून निघालेली "झालं", "संपलं", "उरकलं" ची पाच वाक्यं वहीत मराठीतच लिहा, आणि रात्री त्यांच्यापुढे इंग्रजी वाक्य लिहा. पुस्तकातली तयार वाक्यं घेऊ नका. माझ्या वहीत परवाचं वाक्य होतं "तेवढं एक पत्र हातावेगळं करते मग बोलू", आणि त्यापुढे मी लिहिलं, "लेट मी गेट धिस लेटर आउट ऑफ द वे, देन वी विल टॉक".